आकड्यावर खूण करा, आकडा खोडू नका

पाण्याच्या, हवेच्या, सांडपाण्याच्या प्रयोगशाळांतले आकडे सॉफ्टवेअरकडून तपासून घ्यावेत की नाही, यावरचा वाद दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढला जातोय. एका बाजूचं म्हणणं असं की माणूस आला की चूक आली, दबाव आला, वरून फोन आला. म्हणून नमुना यंत्रात गेल्यापासून रिपोर्ट छापून बाहेर पडेपर्यंत माणसाचा हातच लागू नये. दुसरी बाजू म्हणते, आयुष्यभर ब्युरेट धरलेल्या केमिस्टच्या नजरेला जे कळतं ते संगणकाला कुठून कळणार? भांडण आहे ते निर्णय कोणी घ्यायचा यावर. घेतलेल्या निर्णयाचा माग राहतो का, तो उद्या तिसऱ्या माणसाला उलगडून पाहता येतो का, हे कोणी विचारत नाही. मला तर सगळं घोडं तिथेच अडलेलं दिसतं.

म्हणून माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. प्रयोगशाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक आकडा सॉफ्टवेअरच्या नियमांखालून गेलाच पाहिजे. सक्तीने, एकही अपवाद न करता. मात्र सॉफ्टवेअरला अधिकार हवा तो फक्त खूण करण्याचा. आकडा बदलणं, गाळणं, किंवा ‘मंजूर’ म्हणून पुढे ढकलणं हे काम माणसाचं; त्याने ते स्वतःच्या नावानिशी, कारण लिहून करावं, आणि मूळ आकडा शेवटपर्यंत दिसत राहावा. सध्या विकल्या जाणाऱ्या ‘ऑटो-अप्रूव्ह’ सोयीला माझा विरोध आहे, तितकाच विरोध ‘आमच्या अनुभवावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांनाही आहे.

रिपोर्टवर दिसणारा आकडा कधी एकटा नसतो. त्याच्यामागे ब्लँक असतो, म्हणजे ज्यात काहीही सापडायला नको असं शुद्ध पाणी त्याच पद्धतीने तपासलेलं. डुप्लिकेट असतो, म्हणजे तोच नमुना दुसऱ्यांदा तपासलेला. स्पाइक असतो, म्हणजे नमुन्यात मुद्दाम ठरावीक मात्रा घालून ती परत किती सापडते ते पाहिलेलं. यंत्राचं कॅलिब्रेशन असतं, म्हणजे माहीत असलेल्या मात्रेवर यंत्र ताडून बसवलेलं, नमुना कधी घेतला, कधी पोचला, वाटेत किती थंड ठेवला याची नोंद असते. हे सगळं पाहून हा आकडा कितपत धरून चालायचा ते ठरवणं, याला प्रयोगशाळेत डेटा व्हॅलिडेशन म्हणतात. यातला मोठा भाग निव्वळ हिशेबाचा आहे, आणि हिशेबात संगणकाचा हात धरणारा माणूस नाही.

उदाहरण घेऊ. समजा, एका विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट असा आलाय: कॅल्शियम ८० मिलिग्रॅम प्रतिलिटर, मॅग्नेशियम २४, सोडियम ६९, बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट ४८, नायट्रेट ६.२. नायट्रेटची, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार, मर्यादा ४५, तेव्हा ६.२ पाहून कोणीही निश्चिंतपणे सही करील. पण पाण्यातला धनभार आणि ऋणभार सारखाच असावा लागतो, त्यातून कोणत्याच विहिरीची सुटका नाही. वरचे आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे भाराच्या मापात, आणून बेरीज केली तर धन बाजू येते ९.० आणि ऋण बाजू ८.१. म्हणजे दोन्ही बाजूंच्या एकूण बेरजेच्या तुलनेत फरक पाच टक्क्यांवर गेला. एवढ्या क्षारांच्या पाण्याला साधारण दोन टक्क्यांपर्यंत चालतो. ०.९ इतका ऋणभार कुठेतरी हरवलाय. नायट्रेट ६.२ च्या जागी ६२ धरून पाहा, दोन्ही बाजू ९.० वर येऊन थांबतात. टिंब एक घर डावीकडे पडलं होतं. त्या एका टिंबापायी, तान्ह्या बाळाच्या दुधात ज्याचा थेंबही जाऊ नये ते पाणी ‘पिण्यास योग्य’ म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं असतं.

ही बेरीज कोणत्याही केमिस्टला येते. प्रत्येक रिपोर्टसाठी, प्रत्येक वेळी, संध्याकाळी पाच वाजता गठ्ठा सहीसाठी समोर आल्यावरही ती केली जाते का? आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आहेत, खासगी आहेत. २०१९ पासून जल जीवन मिशनखाली गावोगावी पाच-पाच महिलांना किट देऊन पाणी तपासायला शिकवलं गेलं आणि ते आकडेही पोर्टलवर चढू लागले. इतका ओघ माणसांनी डोळ्यांनी तपासायचा म्हटलं तर एकच गोष्ट होते: दहातला एखादा नीट पाहायचा, बाकीच्यांवर सही करायची. संगणक मात्र हजारावा रिपोर्टही पहिल्यासारखाच पाहतो. बीओडी (जंतूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) सीओडीपेक्षा (घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा) जास्त आलाय का, पीएम २.५ (हवेतली अतिसूक्ष्म धूळ) तिलाही धरून मोजलेल्या पीएम १० च्या वर गेलाय का, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा) सातवर असताना कार्बोनेट दाखवलाय का, ऑनलाइन मीटरचा एकच आकडा तासन्‌तास जागचा हललेला नाही का: हे प्रश्न विचारायला तो थकत नाही, आणि विचारल्याबद्दल कोणाला त्याच्यावर रागही काढता येत नाही. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व प्रयोगशाळेत कनिष्ठ म्हणून काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. साहेबांच्या आकड्यावर शंका घ्यायची हिंमत कनिष्ठाला होत नाही. नियमाने आपोआप पडलेल्या खुणेला हिंमत लागत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. निसर्ग नियमांच्या चौकटीत मावत नाही, आणि चौकटीबाहेरचाच आकडा पुष्कळदा सगळ्यात मोलाचा असतो. लोणार सरोवराचं पाणी घ्या. पीएच दहाच्या आसपास. सांडपाण्यासाठीची ५.५ ते ९ ही मर्यादा लावून बसलेलं सॉफ्टवेअर लोणारचा प्रत्येक नमुना चुकीचा ठरवील. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. नेहमीपेक्षा वेगळं दिसलं ते बाद करायचं, अशी रीत असती तर तपासायलाच काही उरलं नसतं. किंवा उन्हाळ्यातल्या दुपारी, शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्याचं पाणी घ्या. तीस अंशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण साडेसात मिलिग्रॅमवर संपृक्त होतो. केमिस्ट बारा लिहितो. सॉफ्टवेअर म्हणतं, अशक्य. पण तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की शेवाळ उन्हात इतक्या वेगाने ऑक्सिजन सोडतं की तो हवेत निसटायच्या आत पाण्यात साचतो, आणि त्याच तळ्यात पहाटे तो इतका खाली जातो की मासे वर येऊन तोंड वासतात. बाराचा आकडा गाळला, की तळं सडत चालल्याची पहिली वर्दीच गाळली.

हे मी पूर्णपणे मान्य करतो. हा मुद्दा मांडताना बहुतेक जण ओझोनच्या भोकाचा दाखला देतात, तोही घेऊ; फक्त तो पुरता सांगायला हवा. १९८५ च्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या जमिनीवरच्या जुन्या उपकरणाच्या नोंदींवरून दाखवून दिलं की वसंतातला ओझोन कोसळतोय. तेव्हा आकाशात नासाचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून हेच मोजत होता. मग त्याला हे दिसलं कसं नाही? लोकप्रिय उत्तर ठरलेलं आहे: सॉफ्टवेअरने कमी आकडे चूक समजून फेकून दिले. प्रत्यक्षात फेकले नव्हते. १८० डॉब्सन एककांच्या (ओझोन मोजायचं माप) खालच्या आकड्यांवर सॉफ्टवेअरने खूण केली होती. शास्त्रज्ञांनी त्या खुणा पाहिल्या, दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरच्या केंद्राशी ताडून पाहिल्या, आणि तिथला आकडा नेहमीसारखा, तीनशेच्या आसपास आलेला पाहून ते बुचकळ्यात पडले. पुढे कळलं की चूक ध्रुवावरच्या आकड्यातच होती. खुणेचा अर्थ लावायला वेळ गेला, हे खरं. पण मूळ आकडे जिथल्या तिथे होते, म्हणून हॅलीची बातमी आल्यावर उपग्रहाची सगळी वर्षं पुन्हा उलगडून पाहता आली आणि भोक केवढं पसरलंय त्याचा नकाशा जगासमोर आला. आता सांगा, हा दाखला सॉफ्टवेअरविरुद्ध जातो का? माझ्या मते तो एकाच गोष्टीविरुद्ध जातो, ती म्हणजे खोडणं. त्या सॉफ्टवेअरला गाळण्याचा अधिकार दिला असता, तर तो नकाशा काढायला आकडेच उरले नसते. आणि तपासणी नुसत्या माणसाच्या नजरेवर सोडली असती, तर ध्रुवावरचा तो ‘नेहमीसारखा’ आकडा पाहून शंकाही आली नसती.

अनुभवी नजरेबद्दल आणखी एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. गेल्या महिन्याचा आकडा जिच्या लक्षात आहे ती नजर या महिन्याचा आकडा त्याच्या जवळ आणू पाहते. यात लबाडी असतेच असं नाही. नदीच्या अमुक घाटावर बीओडी सहा-सातच येतो, हे डोक्यात बसलेलं असतं. अठरा आला की बाटली नीट धुतली नसेल असं वाटतं, टायट्रेशन पुन्हा होतं, दुसऱ्यांदा नऊ आला की नऊच लिहिला जातो. अठरा कुठेच उरत नाही. वरच्या गावातल्या कारखान्याने त्या दिवशी रात्री काही सोडलं होतं का, हा प्रश्नही त्या अठराबरोबरच संपतो. सॉफ्टवेअरवाल्या व्यवस्थेत पहिलं रीडिंग अठरा म्हणूनच नोंदलं गेलं पाहिजे, त्यावर ‘मागच्या नोंदींपेक्षा फार वेगळा’ अशी खूण पडली पाहिजे, आणि नऊ धरायचा तर का, ते कोणीतरी लिहिलं पाहिजे. लिहायला दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी लिहायच्या आहेत हे माहीत असलं की माणूस बाटली खरंच धुतली होती का ते आधी जाऊन पाहतो.

दुसरा मोठा आक्षेप लबाडीबद्दलचा आहे, आणि तो वजनदार आहे. नियम ठरले, मर्यादा ठरल्या, की त्या मर्यादेत बसतील असे आकडे बनवणारेही तयार होतात. सॉफ्टवेअर ‘पास’ म्हणतं आणि खोट्याला खऱ्याचा शिक्का मिळतो. टेक्सासमधल्या रिचर्डसन इथल्या एका मोठ्या पर्यावरण प्रयोगशाळेचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. अमेरिकी सरकारच्या आरोपपत्रानुसार १९९४ ते १९९७ या काळात तिथे कॅलिब्रेशनचे आकडे जमवून आणले जात होते आणि सुमारे ५९,००० प्रकल्पांचे नमुने त्या काळात तिथून गेले. पुढे कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ९० लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. या क्षेत्रात आकडे जमवतात कसे, ते जवळून पाहण्यासारखं आहे. गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर प्रत्येक पदार्थाचा एक उंचवटा उमटतो, त्याला पीक म्हणतात. पीकखालचं क्षेत्रफळ म्हणजे पदार्थाची मात्रा. ते मोजायला पायथ्याशी एक रेषा आखावी लागते. बहुतेक वेळा ती संगणक आखतो. पण दोन पीक एकमेकांत शिरले किंवा खालची पातळी डगमगली, की केमिस्टला ती माऊसने धरून नीट बसवावी लागते. हे रोजचं, रीतसर काम आहे. आता कॅलिब्रेशनचा आकडा मर्यादेच्या किंचित वर गेलाय, यंत्र पुन्हा लावायचं तर अख्खी पाळी जाणार, नमुन्यांची मुदत टळणार. रेषा केसभर वर सरकवली की पीकचा पायथा छाटला जातो, क्षेत्रफळ घटतं, आकडा आत येतो. अंतिम तक्त्यावर सगळं नियमात. फक्त तक्ता वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काहीही दिसणार नाही.

याचा छोटा अवतार आपल्याकडेही चालतो. वर सांगितलेला धन-ऋण ताळा टाळायचा सोपा उपाय म्हणजे सोडियम मोजायचंच नाही. बाकीच्या बेरजेतून जे कमी पडतं ते सोडियम म्हणून लिहायचं. ताळा दर वेळी शून्य फरकाने जुळतो. अशा गठ्ठ्याच्या गठ्ठ्यांत एकही नमुना अर्ध्या टक्क्यानेही चुकलेला दिसत नाही, आणि प्रयोगशाळा ते अचूकतेचं प्रमाण म्हणून पुढे करते.

मग याचं उत्तर काय? सॉफ्टवेअर काढून टाकलं तर रेषा सरकवणारा हात थांबेल? उलट तो पूर्वीसारखा निर्धास्त होईल. उपाय सॉफ्टवेअरला तक्त्यापलीकडे पाहायला लावण्यात आहे. यंत्राने आखलेली मूळ रेषा आणि माणसाने आखलेली रेषा, दोन्ही जपल्या पाहिजेत. कोणी, किती वाजता, कशासाठी सरकवली याची नोंद पुसता येऊ नये. मग प्रश्नच बदलतो. या केमिस्टने सरकवलेल्या रेषांपैकी किती रेषांमुळे नापास आकडा पास झाला, आणि किती रेषांमुळे पास आकडा नापास? प्रामाणिक दुरुस्त्या दोन्ही दिशांना जातात. सगळ्या एकाच दिशेला गेल्या असतील तर त्या माणसाला शांतपणे बसवून विचारायची वेळ आली. मर्यादेच्या अगदी आत आकड्यांची गर्दी झालीय का, डुप्लिकेट संशय यावा इतके जुळतात का, ताळा कधीच चुकत नाही का, हे एकेका रिपोर्टवर बसलेल्या माणसाला दिसत नाही. पाच वर्षांचे रिपोर्ट एकदम वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतं. लबाडी पकडण्याची त्याची ताकद यात आहे, आणि दुर्दैवाने खरेदीच्या वेळी हाच भाग महाग म्हणून गाळला जातो.

‘माणसाचा हातच नको’ म्हणणाऱ्यांनी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचा इतिहास वाचावा. १९९९ पासून तिथे होरायझन नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा आली. गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते ओरडून सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत, यंत्रणेत घोळ आहे. तिथल्या कायद्यात संगणक बरोबरच चालतो असं गृहीत धरलेलं. नऊशेहून जास्त जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलं की यंत्रणेत दोष होते आणि पोस्टमास्तरांच्या नोंदी त्यांना न कळता दुरून बदलता येत होत्या. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर कारखाना बंद होतो, शेतकऱ्याला भरपाई मिळते किंवा नाकारली जाते, विहिरीवर लाल रंग मारला जातो. त्या रिपोर्टमागे ‘सिस्टीमने मंजूर केलंय’ एवढंच उत्तर उरलं तर उलटतपासणी कोणाची करायची?

आपला १९७४ चा पाण्याचा कायदा लिहिणाऱ्यांना हे नेमकं कळलं होतं. त्यांनी नमुन्याचे दोन भाग करायला सांगितले, दोन्हींवर मोहर आणि दोन्ही पक्षांच्या सह्या, म्हणजे गरज पडली तर दुसरा भाग दुसरीकडे तपासता यावा. विश्लेषकाचा अहवाल तीन प्रतींत, त्यातली एक ज्याचं सांडपाणी आहे त्याला. पन्नास वर्षांपूर्वी, संगणक नसताना, कायद्याने माग ठेवण्याची व्यवस्था केली होती: मूळ वस्तू जपा, नाव लिहा, दुसऱ्याला तपासू द्या. आज सॉफ्टवेअर आणताना त्याहून कमी मागणं कोणत्या तोंडाने समर्थनीय ठरेल?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये विषारी कचऱ्याच्या जागांवरच्या आकड्यांसाठी एक साधी पण फार चांगली पद्धत सुचवली. तपासणीचे टप्पे ठरवले. पहिल्यात कागदपत्रं पुरी आहेत का आणि नमुना कोणत्या अवस्थेत पोचला. दुसऱ्यात ब्लँक, स्पाइक, डुप्लिकेट आणि मग कॅलिब्रेशन. तिसऱ्यात आकडे नव्याने मोजून पाहणं. चौथ्यात यंत्राचे मूळ आलेख उघडून बघणं. आणि प्रत्येक आकड्यासोबत लिहायचं की तपासणी कुठल्या टप्प्यापर्यंत झाली, आणि ती संगणकाने केली, माणसाने केली की दोघांनी. पहिले तीन टप्पे सॉफ्टवेअर उत्तम करतं. चौथ्यासाठी आलेख वाचणारा माणूस लागतोच. आपल्याकडच्या पाण्याच्या रिपोर्टांवर असं काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. तिथे आकडा असतो, मर्यादा असते आणि सही असते. त्या सहीआधी काय पाहिलं गेलं, हे वाचणाऱ्या सरपंचाला किंवा न्यायाधीशाला कळायला वाव नाही. ही एक ओळ रिपोर्टवर यावी यासाठी नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरतं.

आकडा गाळण्याचा अधिकार माग न ठेवता वापरला तर काय होतं, ते फ्लिंटमध्ये दिसलं. मिशिगन राज्यातल्या या शहरात २०१५ च्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्यातल्या शिशाचे ७१ नमुने झाले होते. राज्याच्या पर्यावरण विभागाने त्यातले दोन वगळायला लावले. त्यातल्या एकात शिसं १०४ भाग प्रति अब्ज होतं, आणि कारवाईची पातळी होती १५. दोन वगळल्यावर शहराचा हिशेब त्या पातळीखाली, ११ वर आला. वगळण्याला कागदावर कारणही होतं, एका घरात फिल्टर बसवलेला होता. सॉफ्टवेअर असतं तर हे थांबलं असतं असा दावा मी करणार नाही. थांबवणं त्याच्या हातातच नव्हतं. पण अंतिम अहवालावर ‘७१ पैकी २ वगळले, वगळले नसते तर पातळी ओलांडली असती’ ही ओळ आपोआप छापली गेली असती, तर त्या शहरातल्या आयांना ते लागलीच वाचता आलं असतं.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर नाही, तो जसाच्या तसा स्वीकारावा लागतो. सॉफ्टवेअर कागद तपासतं, पाणी तपासत नाही. जंतूंच्या तपासणीचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत लावायचा असतो. दुर्गम पाड्यावरून बाटली एसटीने तालुक्याला, तिथून जीपने जिल्ह्याला येते, मे महिन्यात. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं. नोंदवहीत ‘नमुना घेतल्याची वेळ’ हा रकाना पुष्कळदा बाटली पोचल्यानंतर भरला जातो, आणि तो चोवीस तासांत बसेल असाच भरला जातो. सॉफ्टवेअर दोन वेळा वजा करतं, एकवीस तास म्हणतं, हिरवी खूण करतं. बाटली नदीच्या मध्यधारेतून भरली की काठावरच्या डबक्यातून, हेही त्याला कधीच कळणार नाही. मोबाइलवर जागा आणि वेळ आपोआप नोंदवून काही अंशी हे सुधारेल, तापमान नोंदवणारी स्वस्त चकती डब्यात टाकता येईल. तरी बाटली नीट भरणं हे माणसाचं काम राहील, आणि त्या माणसाला सध्या आपण सगळ्यात कमी पगार आणि सगळ्यात कमी प्रशिक्षण देतो.

लहान प्रयोगशाळांना हे परवडणार नाही, असंही म्हटलं जातं. महागडं पॅकेज परवडणार नाही, हे खरं. पण ताळ्याचे, मुदतीचे, मर्यादांचे पन्नासेक मूलभूत नियम साध्या स्प्रेडशीटमध्येही बसतात. ते नियम राज्याने एकदा लिहावेत, सगळ्यांना फुकट द्यावेत आणि उघडे ठेवावेत. कंपनीचं गुपित म्हणून झाकलेल्या नियमाने कोणाच्या विहिरीचा निकाल लागू नये. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत प्रयोगशाळेने आपली माहिती-व्यवस्था वापरण्याआधी तपासून घ्यावी असं सांगितलंच आहे. ती तपासणी कंपनीच्या माहितीपत्रकावर भागवू नये. मुद्दाम बिघडवलेले रिपोर्ट तयार करावेत, सरकलेलं टिंब, वजाबाकीतलं सोडियम, छाटलेलं पीक, आणि सोबत लोणारचा खरा नमुनाही घालावा. सॉफ्टवेअर कशावर खूण करतं, कशावर करत नाही ते पाहावं आणि तो निकाल जाहीर करावा.

राहिली पदांची भीती. सॉफ्टवेअर आलं की रिकाम्या जागा भरल्याच जाणार नाहीत, ही केमिस्टांची धास्ती निराधार नाही. खर्च वाचवायला म्हणूनच ते अनेक ठिकाणी खपवलं जातं. त्यावर संघटनांनी सॉफ्टवेअरला विरोध करण्याऐवजी एक अट घालावी. ताळे मांडण्यात आणि मुदती मोजण्यात आज केमिस्टचे जे तास जातात, ते वाचले की त्याच केमिस्टला महिन्यातून ठरावीक दिवस नमुने घेणाऱ्यांबरोबर पाठवायचं: घाटावर, विहिरीवर, कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी. बाटली कशी भरतात, बर्फ कुठे मिळतो, वेळ कधी लिहितात, हे त्याने स्वतः पाहायचं आणि त्याची नोंद त्या नमुन्याच्या रिपोर्टला जोडायची. या प्रवासाचा भत्ता सॉफ्टवेअरच्या निविदेतच, त्याच खर्चाच्या शीर्षाखाली धरायला लावायचा, म्हणजे एक घेतलं आणि दुसरं राहिलं असं होणार नाही.